माइनक्राफ्टचा घोडा: सोनं किती, वेळ किती, रुपये किती

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे डोंबिवलीला राहायला होता. सकाळी फडके रोडवर चक्कर, दुपारी लॅपटॉपवर माइनक्राफ्ट आणि मागे बिल्डिंगमधली तीन पोरं दाटीवाटीने बसलेली. एका दुपारी तो रडवेला होऊन माझ्याकडे आला. "मावशी, सोन्याच्या सोळा विटा गेल्या आणि घोडा गाढवापेक्षा हळू पळतोय!"

विटा पडद्यावरच्या होत्या, पण त्या खणायला त्याचे तीन दिवस गेले होते. ते नुकसान मला खरंच वाटलं. म्हणून पुढचे आठ दिवस आम्ही दोघांनी वही घेऊन घोड्यांचा हिशेब मांडला. कोणाच्या घरी असाच खेळाडू असेल तर त्याचे तीन दिवस वाचावेत, म्हणून तो हिशेब इथे देते. आकडे संगणकावरच्या जावा आवृत्तीचे आहेत.

पहिला प्रश्न: खरे पैसे किती?

खेळ एकदा विकत घेतला की घोड्यासाठी वेगळा एक रुपयाही लागत नाही. संगणकासाठी जावा आणि बेडरॉक या दोन्ही आवृत्त्या जून 2022 पासून एकत्रच मिळतात, त्यामुळे दोनदा पैसे भरू नका. बेडरॉक आवृत्तीत, म्हणजे मोबाइलवर खेळतात त्यात, एक दुकान आहे. तिथे माइनकॉइन्स देऊन कपडे, नकाशे, सजावट मिळते आणि माइनकॉइन्स खऱ्या पैशांनी घ्यावे लागतात. मूळ खेळातला घोडा पाळायला, पळवायला किंवा त्याची पैदास करायला यातलं काहीच लागत नाही. मूल "घोड्यासाठी पॅक हवाय" म्हणालं, तर तो हौसेचा खर्च आहे एवढं लक्षात ठेवून ठरवा. फोनवर खरेदीला पासवर्डची अट आजच लावून ठेवा.

घोडा मिळतो कुठे, माणसाळतो कसा?

घोडे 2013 साली 1.6 आवृत्तीत आले. ते सपाट गवताळ मैदानात आणि सॅव्हानात कळपाने दिसतात. पकडायला काही लागत नाही. हात रिकामा ठेवायचा आणि पाठीवर बसायचं. तो पाडतो, पुन्हा बसायचं. प्रत्येक वेळी त्याचा राग थोडा उतरतो. कधी पहिल्याच बैठकीत जमतं, कधी दहा वेळा पडावं लागतं. अंगावरून लाल बदाम उडाले की घोडा तुमचा. साखर, गहू किंवा सफरचंद भरवलं तर काम लवकर होतं, पण नाही भरवलं तरी चालतं. इथे सोन्याचं गाजर किंवा सफरचंद मुळीच खर्चू नका.

माणसाळलेला घोडा खोगिराशिवाय वळत नाही. पूर्वी खोगीर बनवता येत नसे, पेट्यांमध्ये शोधावं लागे. जून 2025 च्या 'चेस द स्काइज' अपडेटपासून 3 चामडी आणि 1 लोखंडाची वीट यांतून ते बनतं. एका गाईकडून शून्य ते दोन चामडी मिळतात, म्हणजे साधारण तीन गाईंचं काम. खोगीर एकच बनवा, ते काढून दुसऱ्या घोड्यावर चढवता येतं. बांधून ठेवायला दोर लागतो: याच अपडेटपासून 5 धाग्यांत 2 दोर होतात. खेळ जुन्या आवृत्तीवर चालत असेल, तर या कृती चालणार नाहीत. आधी आवृत्ती बघा.

पारख: इथेच सगळा पैसा वाचतो

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथलं गिऱ्हाईक घोडा पळवून बघितल्याशिवाय पैशाची गोष्ट काढत नाही. खेळातही हाच नियम पाळायचा, फक्त एक फरक आहे. खऱ्या बाजारात रंग आणि खुणांना मोल असतं, चार पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी शुभ मानतात. माइनक्राफ्टमध्ये 7 रंग आणि 5 प्रकारच्या खुणा मिळून 35 रूपं होतात, त्यात पंचकल्याणीसारखं रूपही आहे. पण रूपाचा गुणाशी काडीचाही संबंध नाही. भाच्याने देखणा म्हणून निवडलेला पांढरा घोडा सगळ्यात मंद निघाला, आणि त्याच्याच पिल्लासाठी सोळा विटा गेल्या होत्या.

प्रत्येक घोड्याचे तीन गुण जन्मतःच ठरतात: जीव, वेग आणि उडी. जीव दिसतो. पाठीवर बसलं की बदाम मोजा, साडेसात ते पंधरा असतात. वेग आणि उडी कुठेही लिहिलेली नसते, ती मोजावी लागते.

वेग मोजण्यासाठी आम्ही सपाट मैदानात शंभर ब्लॉकची पट्टी आखली. दर दहा ब्लॉकला एक मशाल, म्हणजे अकरा मशाली. घोडा दहा ब्लॉक मागून पळवत आणायचा, म्हणजे पहिल्या मशालीपाशी तो पूर्ण वेगात असतो. शेजारच्या मुलाने फोनवर स्टॉपवॉच धरलं. वहीतला तक्ता असा:

- सर्वांत वेगवान घोडा: सुमारे 7 सेकंद
- मधला घोडा: सुमारे साडेदहा सेकंद
- गाढव: सुमारे साडेतेरा सेकंद
- धावणारा माणूस: सुमारे 18 सेकंद
- सर्वांत मंद घोडा: सुमारे 21 सेकंद

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. वाईट घोडा मिळाला तर पायी पळणं बरं. एक ब्लॉक म्हणजे एक मीटर धरलं, तर उत्तम घोडा ताशी 51 किलोमीटरने जातो आणि रद्दी घोडा जेमतेम 17 ने. साडेतेरा सेकंदांच्या वर गेलेला घोडा लगेच सोडून द्या.

उडीसाठी दोन, तीन आणि चार ब्लॉक उंचीच्या भिंती बांधा. स्पेसबार दाबून धरायचा, पडद्यावरची उडीची पट्टी भरली की सोडायचा. घोड्यांची उडी सुमारे 1.1 पासून 5.3 ब्लॉकपर्यंत असते, मधला घोडा तीनच्या किंचित खाली. म्हणजे तीनची भिंत ओलांडणारा सरासरीहून चांगला, चारची ओलांडणारा जपून ठेवण्यासारखा.

पैदास: सफरचंद की गाजर?

दोन माणसाळलेल्या घोड्यांना सोन्याचं सफरचंद किंवा सोन्याचं गाजर भरवलं की पिल्लू होतं. फळ एकच, किमतीत मात्र जमीनअस्मानाचा फरक.

एका सोन्याच्या सफरचंदाला सोन्याच्या 8 विटा लागतात, जोडीला 16. एका सोन्याच्या गाजराला 8 नगेट, जोडीला 16 नगेट. एका विटेचे 9 नगेट होतात, म्हणजे 2 विटा फोडल्या तरी काम होऊन 2 नगेट उरतात. मजुरी न बघता सराफाकडे नऊपट बिल भरावं, तशातला हा प्रकार. भाच्याने सफरचंदं वापरली होती. त्याच सोन्यात त्याच्या नऊ जोड्या झाल्या असत्या.

आता पिल्लाचे गुण. पूर्वी आई, बाप आणि एक तिसरा नशिबाचा आकडा यांची सरासरी निघायची, त्यामुळे दोन उत्तम घोड्यांचं पिल्लूही मागे ओढलं जायचं. मार्च 2023 च्या 1.19.4 पासून पिल्लू आईबापांच्या सरासरीच्या आसपास राहतं, थोडं वर किंवा थोडं खाली. म्हणून आता चांगली जोडी निवडली तर पिढीगणिक सुधारणा होते आणि मंद जोडी निवडली तर सोनं पाण्यात. आधी पारख करायची, सोनं नंतर काढायचं.

वाढवण्याचा खर्च

पिल्लू 20 मिनिटांत आपोआप मोठं होतं. घाई असेल तर भरवा, पण बेताने. एक साखर 30 सेकंद वाचवते, एक गहू 20 सेकंद. नऊ गव्हांची गवताची गासडी 3 मिनिटं वाचवते, म्हणजे तेच नऊ गहू सुटे भरवले तरी तेवढाच फायदा. तीच 3 मिनिटं साखरेच्या सहा चमच्यांत निघतात आणि एका उसाची एक साखर होते. तेव्हा पाण्याच्या कडेने ऊस लावा, वाढवण्यासाठी तोच सगळ्यात स्वस्त. गासडी राखून ठेवा जखमी घोड्यासाठी, ती एकदम दहा बदाम भरून काढते.

घोडा नकोच असेल तर

सामान वाहायचं असेल तर गाढव घ्या. सगळी गाढवं सारख्याच वेगाची, त्यामुळे पारखीची कटकट नाही. आठ फळ्यांची एक पेटी चढवली की 15 खाने मिळतात. घोडा आणि गाढव यांचं खेचरही सामान वाहतं, पण खेचराला पिल्लं होत नाहीत. चिलखत मात्र फक्त घोड्याला. चामड्याचं 7 चामड्यांत घरी बनतं. लोखंडाचं, सोन्याचं आणि हिऱ्याचं पेट्यांमध्येच शोधावं लागतं, त्यासाठी वेगळी मोहीम काढू नका.

एकूण बिल

चांगल्या घोड्याचं पहिलं पिल्लू: 3 चामडी, 1 लोखंडाची वीट, 5 धागे, 2 गाजरं, सोन्याच्या 2 विटा, आणि कळपातले सहासात घोडे मोजण्यात गेलेली एक दुपार. खरे रुपये शून्य.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी भाच्याने सात घोडे पट्टीवरून पळवले. साडेआठ आणि नऊ सेकंदांचे दोन ठेवले, पाच सोडून दिले. त्या दोघांचं पिल्लू मोठं झाल्यावर मुलांनी स्टॉपवॉच लावलं: आठ सेकंद. रंग मळकट तपकिरी, खूण एकही नाही. तोच घोडा त्याने दोर बांधून दाराशी ठेवला आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्याचे तिन्ही आकडे लिहिले.