'ताई' : आठ वेळा निवडून आलेल्या खासदार



नागरिकशास्त्राच्या तासाला आठवीच्या वर्गात मी विचारले, "ताई म्हणजे कोण?" काही मुले म्हणाली, मोठी बहीण. काही म्हणाली, बाबांच्या मोठ्या भावाची पत्नी. दोन्ही उत्तरे बरोबर. पहिला अर्थ मराठी, दुसरा हिंदी. पण आपल्या इंदुरात या शब्दाला तिसराही अर्थ आहे : श्रीमती सुमित्रा महाजन.

त्यांचा जन्म १२ एप्रिल १९४३ रोजी कोकणात चिपळूण येथे झाला. विवाहानंतर त्या इंदुरात आल्या. इंदूर विद्यापीठातून त्यांनी एम.ए. आणि एलएल.बी. केले. सार्वजनिक कामाची सुरुवात महापालिकेतून झाली; १९८४-८५ मध्ये त्या उपमहापौर होत्या. १९८५ साली विधानसभेची निवडणूक लढवली आणि त्या हरल्या. मुलांनो, हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचे वाक्य त्यामुळेच मोठे वाटते. चारच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्यांनी लोकसभेसाठी माजी मुख्यमंत्री व माजी केंद्रीय गृहमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांचा पराभव केला.

त्यानंतर १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. सलग आठ वेळा, एकाच मतदारसंघातून. १९९९ ते २००४ या काळात त्या केंद्रात राज्यमंत्री होत्या. ६ जून २०१४ रोजी लोकसभेच्या अध्यक्षपदी त्यांची बिनविरोध निवड झाली. मीरा कुमार यांच्यानंतर या आसनावर बसलेल्या त्या दुसऱ्या महिला.

अध्यक्षांचे काम सोपे नसते. ते एरवी मतदान करत नाहीत. दोन्ही बाजूंची मते समान झाली तरच निर्णायक मत देतात. प्रत्येक निर्णयावर कोणी ना कोणी नाराज होतो. २०१४ मध्ये काँग्रेसचे ४४ सदस्य होते. सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे ५५ सदस्य नसल्याने त्यांनी त्या पक्षाला विरोधी पक्षनेतेपद दिले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये गोंधळ घालणाऱ्या २५ सदस्यांना पाच दिवसांसाठी निलंबित केले. दोन्ही निर्णयांवर टीका झाली. शाळेचे पान राजकारणाचे नाही, म्हणून कोण बरोबर हे येथे सांगणार नाही. ते तुम्ही वर्गात वादविवाद करून ठरवा.

एप्रिल २०१९ मध्ये आपण निवडणूक लढवणार नसल्याचे त्यांनी स्वतः जाहीर केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले.

आता दोन शब्द पालकांसाठी. प्रवेशाच्या वेळी पुष्कळदा विचारणा होते, "इथे मराठी शिकून मुलाला काय उपयोग?" माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी टिकली ती घरामुळे. त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही. इंदूरचे बहुसंख्य मतदार हिंदी बोलणारे. त्यांच्यासमोर सुमित्राताई हिंदीतच बोलल्या, पण मराठीपण लपवून नव्हे. शेवटी हिंदी बोलणारे शहरच त्यांना मराठी अर्थाने 'ताई' म्हणू लागले. दोन भाषा एका घरात सुखाने नांदू शकतात. फक्त धाकटीला उपाशी ठेवू नका. रोज जेवताना तरी मुलांशी मराठीत बोला.

गृहपाठ :
१) खासदार, आमदार, नगरसेवक : यांना हिंदीत काय म्हणतात? प्रत्येकाचे एक काम लिहा.
२) अध्यक्षांनी नेहमी मतदान का करू नये? पाच ओळी लिहा.
३) आजी-आजोबांना विचारा : आपले कुटुंब इंदुरात केव्हा व कोठून आले? उत्तर मराठीत लिहून आणा.

– प्राचार्य