कळ नेमकी कुठे येते, ते सांगा

पाळीत ओटीपोट दुखतं, कंबर धरते, मांड्या ओढतात, एवढं आपल्याकडे आई मुलीला सांगून ठेवते. याच दिवसांत शौचाच्या जागी, अगदी आत, करंट लागावा तशी एकाएकी कळ येऊ शकते, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. आईने नाही, मोठ्या जावेने नाही, शाळेत येणाऱ्या नर्सबाईंनीही नाही. म्हणून हे लिहिते आहे आणि जागेचं नाव घेऊनच लिहिते आहे. ज्या दुखण्याचं ठिकाण सांगायची लाज वाटते, त्याचं निदान रखडतं. माझं रखडलं.

मी बेलापूरला राहते आणि श्रीरामपूरच्या एका पतसंस्थेत काउंटरला बसते. धाकट्याचं अंगावरचं दूध सुटलं, पाळी परत सुरू झाली आणि हे दुखणं मागे लागलं. महिनाअखेरीची गर्दी होती, हप्ते भरायला रांग लागली होती. एका मावशींचं पासबुक समोर उघडं होतं. मी शिक्का उचलला आणि कळ आली. श्वास तिथेच अडकला. खुर्चीतून अर्धी उठले आणि तशीच थांबले, एका हाताने काउंटरची कड घट्ट धरून. धड बसता येईना, धड उभं राहता येईना. मावशींनी विचारलं, ‘काय झालं गं बाई?’ मी म्हटलं, ‘पायात गोळा आला.’ दुसरं काय सांगणार? आजूबाजूच्या टेबलांवर सगळे पुरुष. मिनिटभरात कळ ओसरली. कपाळावर घाम आणि हातापायांत कापरं मागे राहिलं.

पुढे ती कळ कधीही येऊ लागली. रिक्षा गतिरोधकावरून उडाली की, जिना उतरताना, हळदीकुंकवाला मांडी घालून बसल्यावर. सकाळी शौचाला बसताना तर जीव नको व्हायचा. त्या धास्तीने पाळीच्या दिवसांत मी जेवण कमी करायचे, त्याने मलावरोध व्हायचा आणि दुखणं आणखी वाढायचं. घरात सासूबाईंनी मूळव्याध ठरवून टाकली. त्यांचा त्यात दोष नाही, त्या जागेचं दुसरं कुठलं दुखणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मग मूळव्याधीची चूर्णं झाली, मलमं झाली, सुरणाची भाजी झाली. एका दवाखान्यात तपासणीही झाली. मूळव्याध नाही, उष्णता आहे, तिखट बंद करा, असं सांगितलं गेलं. पाळीची तारीख कोणती, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही.

उत्तर सापडलं ते स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. दुधाचा हिशेब मी त्यावरच लिहिते, अर्ध्या लिटरची रेघ, एक लिटरचा क्रॉस. पाळीची तारीखही एका कोपऱ्यात ठिपका देऊन नोंदवायची सवय आहे. कळ आली की त्याच चौकोनात ‘क’ लिहायला सुरुवात केली. काही महिन्यांनी पानं मागे उलटून पाहिली, तर सगळे ‘क’ ठिपक्यांच्या आगेमागे होते. पाळीच्या आदल्या दिवशी, पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी. महिन्याच्या मध्यात एखादा चुकार. मूळव्याध पाळीचं वेळापत्रक पाहून येत नाही. ते कॅलेंडर गुंडाळून मी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पानं चाळली आणि पहिल्यांदाच मला नेमके प्रश्न विचारले गेले. शौचाला बसताना दुखतं की इतर वेळीही? लघवीला जाताना? नवऱ्याशी संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं का? शेवटच्या प्रश्नाला मी नुसती मान हलवली. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, ‘हे सगळं एकाच ठिकाणचं आहे.’

माझ्या आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जे अस्तर दर महिन्याला तयार होतं आणि पाळीत गळून जातं, तशाच जातीची ऊती गर्भाशयाच्या बाहेर वाढते. बीजाशयावर, बीजवाहिन्यांभोवती, मूत्राशयापाशी, आणि गर्भाशय व गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत. पाळीच्या संप्रेरकांना तीही दाद देते. तिथे सूज येते, व्रण धरतात, एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. माझी वाढ होती ती गुदाशयाच्या पुढच्या बाजूला, म्हणून कळ तिथे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १९ कोटी, मुलींना आणि बायकांना हा आजार आहे. निदानाला बऱ्याच जणींची कित्येक वर्षं जातात, आणि मोठं कारण हेच, की पाळीत दुखायचंच, असं घरीही म्हणतात आणि अनेकदा दवाखान्यातही.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगते. साध्या सोनोग्राफीत हा आजार दिसेलच असं नाही. माझा पहिला रिपोर्ट ‘नॉर्मल’ होता आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता. बीजाशयात रक्ताची गाठ, जिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, ती असली तर सोनोग्राफीत कळते. खोलवरच्या वाढीसाठी अनुभवी हाताने आतून केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो, काही जणींना दुर्बिणीची तपासणी लागते. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

पाळीतली अशी प्रत्येक कळ एंडोमेट्रिओसिसची असते, असंही नाही. पाळीत गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांनी गर्भाशय आवळलं जातं आणि शेजारच्या आतड्यालाही ती डिवचतात. पाळीच्या पहिल्या दिवशी पोट बिघडतं, जुलाब होतात, ते त्यामुळेच. काही जणींच्या गुदद्वाराभोवतीच्या स्नायूंना नुसताच पेटका येतो. ती कळ काही सेकंद ते काही मिनिटं राहते, पूर्ण जाते आणि मागे काही इजा ठेवत नाही. तो पेटका घाबरवतो, पण धोक्याचा नाही. आपलं दुखणं यातलं कोणतं, ते डॉक्टरांनी ठरवायचं. आपण फक्त खरी माहिती द्यायची, कुठे, केव्हा, किती वेळ, कशाने वाढतं, कशाने थांबतं.

कळ आलीच, तर काय करावं? पहिली गोष्ट, श्वास रोखू नका. कळ आली की आपण आपोआप खालचे स्नायू आवळून धरतो आणि पेटका आणखी घट्ट होतो. तोंडाने लांब श्वास सोडा आणि लघवी सुरू करताना जसं खाली सैल सोडतो तसं सैल सोडा. घरी असाल तर कुशीवर वळून गुडघे छातीशी घ्या, किंवा सोसवेल इतक्या गरम पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसा. टब नसला तर मोठं घमेलं चालतं. ऑफिसात मी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवते, ओढणीखाली ती कोणाला दिसतही नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यापासून पाणी वाढवते आणि जेवण टाळत नाही. भाजी-भाकरी, पपई, रात्री भिजवलेल्या मनुका, एवढ्याने मल मऊ राहतो आणि निम्मी धास्ती जाते. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही मलावरोध होतो, ते डॉक्टरांना सांगा, मनाने गोळ्या सोडू नका.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे. मेडिकलमध्ये ‘पाळीची गोळी द्या’ म्हटलं की मिळते, तिच्यात बहुधा मेफेनॅमिक ॲसिड आणि पेटका कमी करणारं डायसायक्लोमाइन असतं. ती गुण देते, पण दुखणं शिगेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतलेली बरी, आणि उपाशीपोटी कधीच नाही. अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. भारतीय औषधसंहिता आयोगाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. काही थोड्या जणांना त्याने अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना बाधा, अशी गंभीर ॲलर्जी होऊ शकते. गोळी सुरू केल्यावर पुरळ आणि ताप आला, तर ती बंद करून लगेच दवाखाना गाठा. आणि दर महिन्याला अशा गोळ्यांची पट्टीच्या पट्टी संपत असेल, तर तुम्हाला तपासणीची गरज आहे, आणखी एका पट्टीची नाही. मला रोज घ्यायची डायनोजेस्टची गोळी दिली गेली. हे संप्रेरकांचं औषध आहे, त्याने आजार मुळातून जात नाही, पण दबून राहतो. सुरुवातीला अधूनमधून डाग लागत राहिले, मनही थोडं उदास असायचं. पण कळ हळूहळू विरळ झाली आणि शौचाला जायची भीती गेली. कोणाला दुसरं औषध चालतं, कोणाला गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, कोणाला दुर्बिणीची शस्त्रक्रिया. वय किती, मूल हवं आहे का, वाढ कुठे आहे, यावर ते ठरतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला, तिच्याकडे येते. माझं दुखणं कळल्यावर एका ओळखीच्या बाईंनी किती सहज सांगितलं, ‘दोन मुलं झाली ना, मग पिशवी काढून टाक, कटकट जाईल.’ असा सल्ला आपल्या भागात भाजीच्या भावासारखा दिला जातो. आपला हा उसाचा मुलूख. हंगाम सुरू झाला की बीडकडची ऊसतोड कुटुंबं येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात. त्या बायकांनी पाळीत एक दिवस मोडला तर खाडा लागतो, उचल अंगावर असते, कोपीजवळ न्हाणी नाही की संडास नाही. पोटात दुखतं म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला लावल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा २०१९ साली सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहातली एक. त्यांतल्या किती जणींना गोळ्यांनी, विश्रांतीने, स्वच्छ पाण्याने आराम पडला असता, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

एंडोमेट्रिओसिसमध्ये नुसती पिशवी काढून दुखणं जाईलच, याची खात्री नसते, कारण रोग पिशवीच्या बाहेर असतो. त्याबरोबर बीजाशयंही काढली, तर कमी वयात पाळी जाते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयाचा धोका वाढतो. काही आजारांत पिशवी काढावी लागते, ते मी नाकारत नाही. पण कोणी लवकर करून टाका म्हणालं, तर आधी विचारा, नेमका आजार कोणता, औषधाने काय होऊ शकतं, बीजाशयं ठेवणार का. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. आपल्याला लोणीचं प्रवरा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय जवळ आहे, तिथे अनेक विभागांचे डॉक्टर एका जागी भेटतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वयात आलेल्या मुलींसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. आपल्या आशाताईंना विचारा, त्या सोबतही येतात.

काही वेळा मात्र कॅलेंडरवर खुणा करत बसायचं नाही. पाळी चुकली आहे आणि एकाएकी पोटात कळ येऊन चक्कर येते आहे, एका बाजूला असह्य दुखून उलट्या होत आहेत, दुखण्याबरोबर ताप आहे किंवा घाण वासाचं पांढरं जातं आहे, तासाभरात पॅड भिजतं आहे, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. शौचातून रक्त जात असेल तर ते पाळीतच जातं की एरवीही, हे पाहून डॉक्टरांना सांगायचं. एरवी जाणाऱ्या रक्ताची तपासणी वेगळी असते.

नवरे मंडळींना एवढंच सांगते. तपासणीच्या खोलीबाहेर थांबू नका, बायकोची हरकत नसेल तर आत येऊन बसा. माझे यजमान दुसऱ्या वेळी आत आले. संबंधाच्या वेळी मी का आखडते, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आणि त्यानंतर आमच्यातला एक जुना अबोला संपला. पतसंस्थेत मी आमच्या मॅनेजरसाहेबांना सरळ सांगितलं की मला पोटाचा पाळीशी निगडित आजार आहे, कधी पाच मिनिटं उठावं लागेल. त्यांनी काउंटरला बदली माणूस देण्याची सोय केली. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवसांची खास रजा आहे, मग पाच मिनिटं मागायला संकोच कसला?

तुमच्या घरात दहावी-बारावीतली मुलगी असेल आणि ती पाळीत शाळा बुडवत असेल, शौचाला जायचं टाळत असेल, तर आज संध्याकाळी तिला शेजारी बसवा आणि नेमकं कुठे दुखतं ते विचारा. ती लाजली तर जागेचं नाव आधी तुम्ही घ्या. पुढच्या पाळीपासून तारखा लिहा आणि ते पान घेऊन तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या.