रक्तदाबाची कोणती गोळी चांगली?

"डॉक्टर, मला जरा भारीतली गोळी लिहून द्या," असे दवाखान्यात अनेकजण मला सांगतात. शेजाऱ्याची गोळी महागाची, आपली स्वस्तातली, म्हणजे आपली हलकी, असा समज त्यामागे असतो. तो कितपत खरा आहे, हे आज पाहू.

एके काळी निवडीला वावच नव्हता. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ५० रुग्णांवरील सर्पगंधेच्या उपचाराचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या मुळीकडे जगाचे लक्ष गेले. तिने दाब उतरे, पण नाक चोंदे आणि कित्येकांचे मन उदास होई. आज मात्र मुख्य औषधांचे तीन गट हाताशी आहेत.

पहिला गट अ‍ॅम्लोडिपिनचा. हे औषध रक्तवाहिन्या सैल करते. काहींच्या घोट्यांवर सूज येते.

दुसरा गट एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांचा. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या द्रव्याला ही औषधे अटकाव करतात. लघवीतून प्रथिने जाणाऱ्या मधुमेही रुग्णांना ती विशेष उपयोगी. पहिल्या दोन औषधांनी काहींना कोरडा खोकला लागतो. गरोदरपणात या गटातील गोळ्या घेऊ नयेत.

तिसरा गट क्लोरथॅलिडोनसारख्या औषधांचा. ती लघवीवाटे जादा मीठ व पाणी बाहेर काढतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रानात राबणाऱ्याला त्यांनी चक्कर येऊ शकते, म्हणून मधूनमधून रक्ततपासणी हवी.

आता तुलना. अमेरिकेत ५५ वर्षांवरील ३३,३५७ रुग्णांवर या तीन गटांतील एकेक औषध वापरून पाहिले. २००२ साली निष्कर्ष आला: हृदयविकाराचा झटका टाळण्यात तिन्ही सारखीच, आणि हृदय कमजोर होण्यापासून वाचवण्यात तर स्वस्त क्लोरथॅलिडोनच सरस! भारतातील सुमारे दोन हजार रुग्णांना या गटांतील दोन-दोन औषधांच्या तीन निरनिराळ्या जोड्या दिल्या गेल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तिन्ही जोड्यांनी दाब जवळजवळ सारखाच उतरला.

म्हणजेच वाचकहो, किंमत हा गोळीच्या ताकदीचा पुरावा नव्हे. गोळी निवडायची ती रुग्णाचे वय, मधुमेह, मूत्रपिंड आणि होणारा त्रास पाहून. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपण परस्पर सुरू करू नये.

खरा धोका वेगळाच आहे. दाब उतरला की "आता बरे वाटते" म्हणून गोळी बंद होते. दाब पुन्हा चढतो. तो दुखत नाही, खुपत नाही, आणि एके दिवशी अर्धांगवायूनेच कळतो. भूम, परंडा, वाशी, कळंब भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींत मी हे वारंवार पाहतो. गावी असताना गोळी नियमित, फडावर गेले की बंद. चार-पाच महिन्यांचा हा खंड महागात पडतो. निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातून शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या घ्या आणि औषधाची चिठ्ठी जवळ ठेवा. संपल्यावर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ती दाखवा.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवा:

१. गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्या. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

२. खोकला, सूज, चक्कर असा त्रास झाल्यास गोळी फेकू नका. डॉक्टरांना सांगा, बदलून मिळते. अ‍ॅटेनोलॉलची गोळी तर एकाएकी कधीच थांबवू नये.

३. अंगदुखीच्या गोळ्या सारख्या घेतल्याने दाब वाढतो. त्या मनाने घेऊ नका.

४. लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ कमी करा. तंबाखू सोडाच.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा. १४०/९० वा त्याहून अधिक भरल्यास पुन्हा एकदोन दिवशी मोजून खात्री करावी. आणि उपचार सुरू झाला की तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. रोज न चुकता घेतलेली साधी गोळीच सर्वांत चांगली.