डबा न उघडणारं मूल आणि शरीरातली संप्रेरकं



संप्रेरकांचा पाठ मुलं घोकून पाठ करतात. ग्रंथीचं नाव, संप्रेरकाचं नाव, कार्य असा तक्ता भरला की गुण मिळतात. पण एखादी मुलगी दोन-तीन महिने डबा उघडतच नाही, तेव्हा तिच्या अंगात हीच संप्रेरकं काय करत असतात, हे त्या तक्त्यात येत नाही. आज आपण ते समजून घेऊ.

आधी एक फरक. उपवास आपल्याकडे नवा नाही. आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणाऱ्या साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपूरला विठ्ठल मंदिर सर्वांसाठी खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. त्याला हेतू होता. मंदिर खुलं करायचं ठरलं आणि उपोषण सुटलं. ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आजारात असं होत नाही. वजन ठरवलेल्या आकड्यावर आलं की आकडा आणखी खाली सरकतो. हाडं दिसायला लागली तरी मुलीला स्वतः जाडच वाटते. नवरात्र संपतं, तिचं न जेवणं संपत नाही. उलट उपवासाच्या नावाखाली आजार लपतो, आणि घरचे "किती श्रद्धा आहे पोरीची" म्हणून कौतुक करतात!

आता शरीराकडे वळू. गिरणा धरणात पाणी कमी असलं की काय होतं, हे जळगावकरांना सांगायला नको. पिण्याचं पाणी आधी राखून ठेवतात आणि शेतीची आवर्तनं कमी करतात. शरीरही तसंच करतं. अन्न कमी पडलं की मेंदू आणि हृदय यांच्यासाठी साठा राखायचा आणि बाकीचे पाट बंद करायचे. हे ठरवणारं ऑफिस मेंदूच्या तळाशी आहे. त्याचं नाव अधश्चेतक, म्हणजेच हायपोथॅलॅमस.

साठा किती आहे हे त्याला कसं कळतं? अंगातली चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. चरबी घटली की लेप्टिन घटतं, आणि अधश्चेतकाला निरोप मिळतो की दिवस दुष्काळाचे आहेत. मग पहिला पाट बंद होतो तो प्रजननाचा. पीयूषिका ग्रंथीकडे जाणारे संकेत मंदावतात, इस्ट्रोजेन कमी होतं, पाळी थांबते किंवा सुरूच होत नाही. मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन उतरतं. हो, हा आजार मुलग्यांनाही होतो. तिथे "भरतीची तयारी चालू आहे" एवढं म्हणून विषय संपतो.

दुसरा पाट अवटू ग्रंथीचा. तिचं टी-3 हे संप्रेरक कमी होतं, म्हणजे शरीर चूल बारीक करतं. म्हणून अशा मुलीला एप्रिलच्या उन्हातसुद्धा हात गार लागतात, नाडी मंद चालते, बद्धकोष्ठता होते. तिसरी गोष्ट जरा गमतीची आहे. वृद्धी संप्रेरक रक्तात कमी नसतं, वाढलेलंच असतं. पण यकृत त्याला दाद देत नाही, आणि हाडं वाढवणारा पुढचा निरोप निघतच नाही. वयात येण्याचा काळ हा हाडं भरण्याचा काळ. तो गेला की सगळी भरपाई नंतर होईलच असं नाही.

आता ताणाची यंत्रणा. माझ्या मते शिक्षकाने हा भाग सर्वांत नीट समजून घ्यावा. अधश्चेतक पीयूषिकेला सांगतो, पीयूषिका मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना सांगते, आणि कॉर्टिसॉल सुटतं. परीक्षेच्या दिवशी ते सगळ्यांचंच वाढतं आणि नंतर उतरतं. उपाशी शरीरात ते चढलेलं राहतं, कारण त्याला काम असतं: स्नायू मोडून मेंदूसाठी साखर तयार करायची. पण सतत चढलेल्या कॉर्टिसॉलसोबत बेचैनी येते, झोप उडते, हाडं आणखी पातळ होतात. म्हणजे भीतीमुळे मुलगी जेवत नाही, आणि न जेवल्यामुळे शरीर भीतीच्या अवस्थेत अडकतं. अशा वेळी घरी कुणी ओरडतं, "नाटकं काय करस व?" त्या ओरडण्याने ताण आणखी वाढतो, घास काही आत जात नाही.

हे नाटक नाही याचा एक जुना पुरावा आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. महायुद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शोधायचं होतं. त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटलं, नाडी मंदावली. पण त्याहून वेगळं असं दिसलं की हे धडधाकट गडी चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, एकेक जेवण तासन्‌तास चघळू लागले. त्यांना आधी कसलाही मानसिक आजार नव्हता. जी मुलगी स्वतः जेवत नाही पण आईला रोज नवा पदार्थ करायला सांगते आणि दुसऱ्याच्या ताटाकडे बघत बसते, तिचं वागणं यावरून कळतं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांत शिकवणारे सहकारी इथे थांबवतील, की सर, आमच्याकडची पोरं गरिबीने बारीक आहेत. बरोबर आहे. कुपोषित मुलाच्या रक्तातही कॉर्टिसॉल वाढलेलं आणि टी-3 घटलेलं सापडतं, शरीराचा हिशोब एकच असतो. फरक पोषण आहाराच्या रांगेत दिसतो. उपाशी मूल खिचडीसाठी पुढे येतं. आजारी मूल मागे सरकतं, खिचडी मैत्रिणीच्या ताटात टाकतं, पोट दुखतंय म्हणतं.

दुसरा प्रकार ओळखायला अवघड. बुलिमियात मूल एकदम खूप खातं आणि मग लपून उलटी काढतं. वजन नेहमीसारखंच दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

अशी शंका आली तर सर्वांसमोर वजन करू नये, "किती वाळली गं!" असंही म्हणू नये. काहींना ते कौतुकच वाटतं. आईला एकटीला बोलावून पाळीबद्दल, चक्कर येण्याबद्दल विचारावं; हे काम बाईंनी केलेलं बरं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावं. जळगावला आणि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मूल चक्कर येऊन पडलं किंवा छातीत धडधडतंय म्हणालं तर मात्र फोनवर वेळ घालवू नये, थेट दवाखाना गाठावा.

आणि घरच्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. मुलगी एकदाची जेवायला तयार झाली म्हणून पहिल्याच दिवशी तूप-पोळीचं भरलं ताट पुढे करू नका. खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक जास्त अन्न गेलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि जिवावर बेतू शकतं. किती आणि कसं वाढवत न्यायचं ते डॉक्टर ठरवतील. वजन भरल्यावरही पाळी परत यायला काही महिने लागू शकतात.