अदृश्य साक्षीदार

पर्वतावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमानाचे उदाहरण आपल्या न्यायशास्त्रात प्रसिद्धच आहे. वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त भूमिगत जलाविषयी जो अध्याय लिहिला, त्यातही हीच रीत आढळते. अमुक वृक्षाजवळ वारूळ असेल तर अमुक दिशेस पाणी लागेल, असे तो सांगतो. जे दिसत नाही ते त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या जिवांवरून ओळखावे, ही दृष्टी अशी जुनीच आहे. त्याच दृष्टीने आजचे शास्त्रज्ञ पाण्यात व मातीत मिसळलेल्या विषाचा माग काढीत आहेत. मात्र त्यांचे साक्षीदार डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव आहेत. या साक्षीदारांची ओळख विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहोत.

या कामी प्रथम एकेकटा जंतू उपयोगी पडला. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली अर्भकांच्या आतड्यांतील एका जंतूचे वर्णन केले. तोच पुढे त्याच्या नावावरून 'ई. कोलाय' म्हणून ओळखला जाऊ लागला. विहिरीच्या पाण्यात हा सापडला, तर त्यात विष्ठेचा अंश मिसळला आहे असे समजावे. परंतु ही साक्ष अपुरी आहे. विष्ठा मनुष्याची की गुरांची, हे त्यावरून कळत नाही. आणि कारखान्यातून झिरपलेल्या रसायनाविषयी तर हा जंतू काहीच सांगत नाही.

म्हणून एका जंतूऐवजी सगळ्या वस्तीलाच प्रश्न विचारावा, असा विचार पुढे आला. मिठागराच्या कडेला उगवणारी झुडपे गोड्या पाण्याच्या भातशेतीत आढळत नाहीत. जशी भूमी, तशी वनस्पती. सूक्ष्मजीवांचेही तसेच आहे. चिमूटभर मातीत ते कोट्यवधी असतात. कोणी प्राणवायूवर जगतो, तर कोणी त्याच्या अभावी नायट्रेटवर श्वसन चालवितो; कोणाला आम्ल सोसते, कोणाला तेल हेच अन्न वाटते. पाण्यात विष शिरले की ज्यांना ते सोसत नाही ते लोपतात आणि ज्यांना मानवते ते माजतात. वस्तीची शिरगणती केली, तर या उलथापालथीवरून विषाचा तर्क करता येतो.

ही शिरगणती पूर्वी दुर्घट होती, कारण बहुतेक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत. आता त्यांना वाढविण्याची गरज उरली नाही. पाण्यातून त्यांचा डीएनए काढून त्यातील ठरावीक भाग वाचला की कोणकोणत्या कुळातील जीव तेथे राहतात हे समजते. प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमशी संबंधित असा हा भाग आहे. त्याच्याच आधारे १९७७ साली कार्ल वूज यांनी जीवसृष्टीची तिसरी शाखा दाखवून दिली होती.

या पद्धतीची मोठी कसोटी अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथे लागली. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबसाठी लागणारे युरेनियम येथे शुद्ध केले जाई. १९५१ पासून १९८३ पर्यंत तेथील एका कारखान्याचे युरेनियममिश्रित नायट्रिक आम्लयुक्त सांडपाणी चार उघड्या तळ्यांत सोडले गेले. तळ्यांना अस्तर नव्हते. विष खाली झिरपून भूजलात पसरले. शास्त्रज्ञांनी तेथील ९३ निरीक्षण-विहिरींचे पाणी घेऊन त्यातील रसायने मोजली आणि जंतूंची गणतीही केली. मग संगणकाला काही विहिरींची दोन्ही माहिती देऊन शिकविले, आणि उरलेल्या विहिरींत केवळ जंतूंवरून काय दडले असेल ते विचारले. युरेनियम आणि नायट्रेट कोठे आहे, हे त्याने बऱ्याच अचूकपणे ओळखले. पाण्याच्या आम्लतेसारख्या इतर गुणधर्मांचाही अंदाज त्याला करता आला.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या याच अभ्यासात आणखी एक आश्चर्य आढळले. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात एका तेलविहिरीवर स्फोट होऊन ११ कामगार दगावले आणि जवळजवळ तीन महिने समुद्रात तेल वाहत राहिले. खोल पाण्यात तेल खाणारे जंतू झपाट्याने वाढले. आधी सहज पचणारे अंश संपविणारे आले, मागाहून कठीण अंश फोडणारे आले. तेल पूर्ण नाहीसे झाल्यावरही तेथील जंतूंची वस्ती पूर्ववत झाली नव्हती. तेल येथून गेले होते, हे त्या बदललेल्या वस्तीवरून ओळखता आले. रसायनाच्या परीक्षेत जे सापडले नसते, ते जंतूंच्या साक्षीने उघड झाले.

तथापि न्यायशास्त्र हेत्वाभासाचाही इशारा देते. धुके पाहून धूर समजला, तर अनुमान फसते. पावसाने, क्षाराने, ऋतुमानानेही जंतूंची वस्ती पालटते. म्हणून जवळच्याच निर्मळ पाण्याशी तुलना करावी लागते, आणि संशय आला की रसायनांची परीक्षाही करावीच लागते.

आमच्या गोमंतकात पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याच्या वाळूत डांबरासारखे तेलाचे गोळे येऊन पडतात. ते डोळ्यांना दिसतात आणि पायांना चिकटतात, म्हणून त्यांची तक्रार होते. विहिरीत झिरपलेल्या विषाला मात्र बहुधा रंगही नसतो आणि वासही नसतो, आणि ते पाणी घरातील तान्ह्या मुलालाही पाजले जाते. अशा वेळी पाणी नितळ दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. त्याची परीक्षा करून घ्यावी, असा आग्रह आमच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी अवश्य धरावा.