घराला खोली जोडताना
पाठ : २ राजे ४:८-११, ३२-३७, लूक १४:२८-३०

शुनेम गावची एक थोर स्त्री देवाचा सेवक अलीशा ह्यास जेवू घालीत असे. पुढे नवऱ्याशी विचार करून तिने घरावर एक लहानशी खोली बांधण्याचे योजिले. तीत खाट, मेज, बैठक व दिवा एवढेच. ह्यावरून आपण तीन गोष्टी शिकतो.

१. हेतू. ती खोली थोरवी मिरविण्याकरिता नव्हे, तर पाहुण्याच्या विसाव्याकरिता होती. पडवी काढण्यापूर्वी आपणही विचारावे, ही कोणाच्या उपयोगी पडेल?

२. खर्च. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून हिशेब करावा, असे प्रभूने शिकविले. अर्ध्या भिंतीवर पैसा संपला म्हणजे सावकाराचे दार धरावे लागते, आणि मृगाचा पाऊस कोणासाठी थांबत नाही. गरीब मजुराची मजुरी तर सूर्य मावळण्यापूर्वीच द्यावी, अशी नियमशास्त्राची आज्ञा आहे (अनुवाद २४:१४-१५).

३. धीर. काम चालू असता चूल अंगणात येते, अंथरुणे धुळीने भरतात व बोलणे कडू होते. भिंती उभ्या राहाव्या आणि मने मोडावी, हे बरे नव्हे. म्हणून सायंकाळची कौटुंबिक प्रार्थना चुकवू नये. जागा नसल्यास विटांच्या ढिगाशेजारी बसून करावी.

प्रिय बंधुभगिनींनो, पुढे त्याच लहान खोलीत त्या स्त्रीचा मेलेला मुलगा जिवंत झाला. देवासाठी राखलेली जागा व्यर्थ जात नाही.

प्रश्न : धाब्यास कठडा बांधण्याची आज्ञा (अनुवाद २२:८) शेजाऱ्यांविषयी आपणांस काय शिकविते?