लाकडी फरशी निवडायची आहे? आधी घर तपासा, मग दुकान

चला, वही-पेन्सिल, मोजायची टेप, जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी काढून ठेवा. शोरूमला जायची घाई नको, अर्धी निवड घरीच होते. इथे आपण फ्लॅटमधल्या जुन्या टाइल्सवर बसवायच्या लाकडी फरशीचं बघू, कारण बहुतेकांकडे काम तेच असतं.

१. खोली ठरवा. बेडरूम, हॉल, अभ्यासाची खोली बिनधास्त घ्या. स्वयंपाकघर, बाथरूमसमोरचा पॅसेज आणि पावसाची झड येते ती बाल्कनी सोडा. सावध: 'सांडलं की लगेच पुसू' या भरवशावर स्वयंपाकघर यादीत घेऊ नका. सिंकखालची गळती तुम्हाला दिसेपर्यंत फळ्या फुगलेल्या असतात.

२. ओल तपासा. ही पायरी अजिबात गाळू नका, तळमजल्यावर तर नाहीच. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक टाइल्सच्या सांध्यांवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि २४ तास हात लावू नका. जागा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीजवळची घ्या, ओल असलीच तर बहुधा तिथे सापडते. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकवर थेंब दिसले, तर आधी वरून बोट फिरवा. पुसले गेले तर ते खोलीतल्या हवेतले होते. बोट कोरडं राहिलं आणि थेंब आतच असले, किंवा सांधे काळपट पडले, तर ओल खालून येतेय. मग आधी वॉटरप्रूफिंग, फरशी नंतर. सावध: एप्रिल-मेमध्ये कोरडी निघालेली जमीन पावसाळ्यात पुन्हा तपासा.

३. सपाटी पाहा. दोन मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी जमिनीवर टेकवा आणि खोलीभर फिरवा. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसेल तिथे खडूनं खूण करा, ते खड्डे भरून घ्यावे लागतील. सावध: 'फळ्यांखाली डबल फोम टाकू, साहेब' हा इलाज नव्हे. चालताना फळी दबते आणि सांध्याची जीभ तुटते.

४. दाराखालची जागा मोजा. १४ मिमीची फळी आणि २-३ मिमीचा फोम, म्हणजे जमीन साधारण १७ मिमी वर येणार. लाकडी दार सुतार खालून कापून देईल. सावध: सरकत्या ॲल्युमिनियमच्या दाराला ही सोय नाही, त्याची पट्टी आत्ताच मोजून ठेवा.

५. प्रकार निवडा. सॉलिड म्हणजे अख्खं लाकूड. इंजिनिअर्ड म्हणजे खाली प्लायचे थर, वर खऱ्या लाकडाचा थर. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाटावर लाकडाचा छापलेला फोटो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत माझं मत सरळ इंजिनिअर्डला. सॉलिड फळ्या पावसाळ्यात जास्त फुगतात आणि कडा वर येतात. सावध: काही ठिकाणी लॅमिनेटही 'वुडन फ्लोअरिंग' म्हणूनच दाखवतात.

६. दुकानात नमुन्याची कड पाहा. फळी डोळ्यासमोर आडवी धरा. वरच्या लाकडाचा थर प्लायपासून वेगळा दिसेल, त्याला पट्टी लावा. ३-४ मिमी भरला तर पुढेमागे घासून नवी पॉलिश करता येईल. कागदासारखा पातळ असेल तर ती फळी पुन्हा घासता येणार नाही, आणि भाव त्याच हिशेबानं द्या. आता टोक बघा. वरची लाकडाची रेष टोकावरून खाली उतरायला हवी. कडेशी अचानक संपली तर तो फोटो आहे. सावध: प्लायच्या थरांत बारीक पोकळी दिसली तर नमुना परत करा.

७. लाकडाची जात ठरवा. टणकपणाचा जँका आकडा विचारा, जितका मोठा तितकं लाकूड टणक. अमेरिकन आक्रोड सुमारे १०१०, सागवान १०७०, रेड ओक १२९०, व्हाइट ओक १३६०. घरात मुलं खुर्च्या ओढतात, कुत्रा पळतो? डोळे मिटून ओक घ्या. सावध: आक्रोड उन्हात फिका पडतो, पश्चिमेच्या खिडकीसमोर नको.

८. फिनिश निवडा. मॅटच घ्या, चकचकीत फिनिशवर प्रत्येक ओरखडा दिसतो. सावध: तेलाच्या फिनिशचा डाग तेवढ्यापुरता दुरुस्त होतो, पण तेल अधूनमधून पुन्हा लावावं लागतं.

९. नमुना घरी आणा. जमिनीवर आडवा ठेवा, सकाळच्या उजेडात पाहा आणि रात्री ट्यूबलाइट लावून पाहा. सावध: भिंतीला टेकवून रंग ठरवू नका, उभ्या फळीवर उजेड वेगळा पडतो.

१०. माल मोजा. १२ बाय १० ची खोली १२० चौरस फूट, त्यात वाया जाणारे १० टक्के, म्हणजे १३२. बॉक्समध्ये २२ चौरस फूट असतील तर सहा बॉक्स. हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी तिरकी नक्षी हवी असेल तर १५ टक्के धरा. सावध: सगळे बॉक्स एकाच बॅचचे घ्या, नाहीतर रंगात फरक दिसतो.

११. कोटेशन वाचा. फोम, स्कर्टिंग, दाराजवळच्या पट्ट्या आणि जुनी स्कर्टिंग काढायची मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. भिंतीलगत १० मिमी फट सोडणार, हेही लिहून घ्या. सावध: फट न सोडता बसवलेली फरशी पावसाळ्यात मधोमध उचलली जाते.

१२. बॉक्स खोलीतच ठेवा. रंगकाम आणि प्लंबिंग उरकल्यावरच माल मागवा आणि बंद बॉक्स दोन-तीन दिवस त्याच खोलीत आडवे राहू द्या. सावध: पार्किंगमध्ये किंवा बाल्कनीत नको.

१३. उरलेल्या फळ्या जपा. मिस्त्री निघण्याआधी चार-पाच चांगल्या फळ्या मागून घ्या, बॅच नंबरचं लेबल चिकटवा आणि पलंगाखाली आडव्या ठेवा. सावध: उभ्या ठेवल्या तर वाकतात.